१५ कोटी वर्षांपूर्वी एका डायनासोरचा पाय सुजला होता, हे शास्त्रज्ञांना कळलं कसं?

जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात सेराटोसॉरस नावाच्या मांसाहारी डायनासोरच्या पिल्लाचा सांगाडा ३ कोटी ५ लाख डॉलरला गेला. आपले जवळपास २६० कोटी रुपये. आधीचा अंदाज होता ४० ते ६० लाख डॉलरचा, म्हणजे बोली कुठल्या कुठे गेली बघा. अशी बातमी फॉरवर्ड होत आली की तिच्यामागे ठरलेले प्रश्न येतातच, हाडं खरी की प्लास्टरची, १५ कोटी वर्षं कुणी मोजली, आणि सगळ्यांचा आवडता म्हणजे "बघायला कोण गेलं होतं?"

टिंगलीत विचारला तरी प्रश्न चांगला आहे, आणि त्याला नीट उत्तरही आहे. फक्त ते उत्तर सेराटोसॉरसवरून द्यायला गेलं तर अडचण होते, कारण त्याचे सांगाडे फारच थोडे सापडलेत. म्हणून त्याच काळातला, त्याच भागात फिरणारा, त्याच्याहून मोठा अ‍ॅलोसॉरस घेऊ. त्याची हाडं ढिगाने मिळालीत, लहान-मोठी, धड, मोडकी, आजारी, सगळी. आणि खरी माहिती मोडक्या आणि आजारी हाडांनीच जास्त दिलीय.

आधी हा प्राणी कोण ते बघू

ज्युरासिक काळ म्हणजे साधारण २० कोटी ते साडेचौदा कोटी वर्षांपूर्वीचा. अ‍ॅलोसॉरस त्याच्या शेवटच्या टप्प्यातला, आजच्या अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांमधला, म्हणजे युटा, कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटाना वगैरे. पोर्तुगालमध्येही सापडलाय. दोन पायांवर चालणारा, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सरासरी साडेआठ मीटर, मोठे नऊ-साडेनऊ मीटरपर्यंत जायचे. डोळ्यांच्या वर पुढे हाडाची छोटी शिंगं, हाताला तीन बोटं आणि त्यांना वाकड्या नख्या. दात मागे वळलेले आणि कडांना बारीक दाते, आणि हे दात साधारण शंभर दिवसांत पडून नवे यायचे, त्यामुळे एकच प्राणी जन्मभरात किती दात सांडून गेला असेल याचा हिशोबच नाही.

टी. रेक्सशी याची गल्लत करू नका. टी. रेक्स ६ कोटी ८० लाख ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. दोघांमध्ये जवळपास आठ कोटी वर्षांचं अंतर आहे, त्यामानाने आपणच टी. रेक्सच्या जास्त जवळचे. मुलांच्या पुस्तकांत दोघांना एकाच जंगलात सोडलेलं असतं ते विसरा.

१५ कोटी हा आकडा आला कुठून? कार्बन डेटिंग?

नाही. कार्बन डेटिंग साधारण ५० हजार वर्षांपर्यंतच चालतं, त्यापुढे मोजण्यासारखा कार्बन-१४ उरतच नाही. त्यामुळे "कार्बन डेटिंग चुकतं, म्हणून डायनासोरचं वय चुकीचं" हा जो मुद्दा हिरिरीने मांडला जातो तो मुळातच लागू होत नाही, इथे कार्बन कुणी वापरलेलाच नाही.

वय हाडाचं काढत नाहीत, ते ज्या थरात सापडलं त्याच्या खालच्या-वरच्या राखेचं काढतात. अ‍ॅलोसॉरस ज्या खडकांत सापडतो त्यांना मॉरिसन फॉर्मेशन म्हणतात (फॉर्मेशन म्हणजे एका काळात, एका पद्धतीने साचलेल्या थरांचा गठ्ठा). नद्यांचा गाळ, वाळू, आणि मध्येमध्ये पश्चिमेकडच्या ज्वालामुखींची राख. या राखेत झिरकॉन नावाचे बारीक स्फटिक असतात. झिरकॉनची गंमत अशी की तो तयार होताना युरेनियम आत घेतो पण शिसं जवळजवळ घेत नाही. पुढे युरेनियमचं हळूहळू शिसं होत राहतं, आणि त्याचा वेग ठरलेला आहे, युरेनियम-२३८ निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात. म्हणजे आज त्या स्फटिकात जे शिसं आहे ते आतच तयार झालेलं. युरेनियम किती उरलं आणि शिसं किती झालं हे मोजलं की राख कधी पडली ते निघतं. खालच्या राखेचं वय आलं, वरच्या राखेचं आलं, हाड मधलं. वेगवेगळ्या ठिकाणच्या राखा मोजून मॉरिसनचे थर साधारण १५.६ ते १४.७ कोटी वर्षांपूर्वीचे येतात.

बिग अल

आता मुख्य पेशंटकडे येऊ.

१९९१ मध्ये वायोमिंगमध्ये शेल गावाजवळ कर्बी सिबर यांच्या स्विस टीमला एक अ‍ॅलोसॉरस सापडला. ही टीम व्यावसायिक, म्हणजे खोदून काढायचं आणि विकायचं. खोदताना लक्षात आलं की जागा अमेरिकन केंद्र सरकारच्या जमिनीत येते, मग काम थांबलं आणि मोंटानातलं म्युझियम ऑफ द रॉकीज आणि वायोमिंग विद्यापीठ यांनी मिळून सांगाडा बाहेर काढला. जवळपास ९५ टक्के सांगाडा जागेवर होता, जे अशा प्राण्यांच्या बाबतीत फारच दुर्मिळ. त्याला नाव पडलं बिग अल. नाव बिग असलं तरी हा पूर्ण वाढलेला नव्हताच, लांबी आठ मीटरच्या आसपास आणि वजनाचा अंदाज दीड टन.

हाडं साफ करायला घेतली आणि एकेक भानगड दिसायला लागली. बरगड्या मोडून परत जुळलेल्या, शेपटीच्या मणक्यांना मार, हाताच्या बोटाला इजा. एकूण १९ हाडं मोडलेली किंवा इन्फेक्शन झालेली. सगळ्यात वाईट अवस्था उजव्या पायाच्या मधल्या बोटाची. त्या बोटाचं पहिलं हाड बघितलं तर ते त्याच बोटाच्या बाकीच्या हाडांच्या कुळातलं वाटतच नाही, बाकीची गुळगुळीत आणि मध्ये निमुळती, आणि हे मात्र चहूबाजूंनी फुगलेलं, पृष्ठभाग खडबडीत, मूळ हाडाभोवती नवीन हाडाचा थर चढून त्याचा गोळा झालेला.

हा गोळाच पुरावा आहे. हाडाच्या आत जंतू गेले (याला डॉक्टर ऑस्टिओमायलायटिस म्हणतात, माणसांनाही होतो) की शरीर त्या सडलेल्या भागाभोवती नवं हाड बांधायला घेतं. मेलेला प्राणी हाड बांधत नाही. म्हणजे जखम जिवंतपणी झाली, आणि त्यानंतर तो बराच काळ, बहुतेक काही महिने, त्या पायावर चालत होता. लंगडतच चालत असणार, दीड टनाचं वजन दोनच पायांवर आणि त्यातला एक असा. इतक्या वाढीचं हाड दोन-चार दिवसांत होत नाही हे हाडांचा कुठलाही डॉक्टर सांगेल, कारण आजच्या पक्ष्यांच्या, मगरींच्या, माणसांच्या हाडांची रीत तीच आहे. बघायला कोणी गेलं नव्हतं खरंच, पण पोस्टमॉर्टेम करणारा डॉक्टर तरी खून होताना कुठे हजर असतो.

तो याच पायाने मेला का, हे मात्र हाड सांगत नाही आणि शास्त्रज्ञही ठामपणे म्हणत नाहीत. लंगडणाऱ्या शिकाऱ्याचे हाल झाले असणार इतपतच.

आणि हाडं खरी की प्लास्टरची याचं उत्तर दोन्ही. जमिनीतून निघालेली खरी, म्हणजे त्यात खनिजं भरून ती दगडासारखी जड झालेली. म्युझियममध्ये उभा सांगाडा दिसतो तो बऱ्याचदा साच्यातून काढलेली नक्कल असतो, कारण जड आणि ठिसूळ हाडं उंचावर टांगण्यापेक्षा कपाटात ठेवून अभ्यासलेली बरी. यात लपवाछपवी काही नाही.

वय किती होतं हे पण सांगतात, ते कसं?

हाड आडवं कापून त्याची पातळ चकती मायक्रोस्कोपखाली ठेवतात. वाढ वर्षातून एकदा मंदावते तेव्हा हाडात एक रेघ उमटते, झाडाच्या खोडासारखंच. युटामधल्या हाडांवर असा अभ्यास २००६ मध्ये झाला, त्यातून अ‍ॅलोसॉरसचं जास्तीत जास्त आयुष्य २२ ते २८ वर्षांचं आलं आणि वाढीचा जोर सगळ्यात जास्त १५ व्या वर्षाच्या आसपास, वर्षाला सुमारे १४८ किलो.

अंड्यांवर आलेली मादीसुद्धा बहुधा ओळखता आलीय, हे मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतं. पक्ष्यांच्या माद्या अंडी घालायच्या दिवसांत हाडांच्या पोकळीत एक वेगळा, कॅल्शियमने भरलेला तात्पुरता थर तयार करतात, कवचासाठी लागणारा साठा म्हणून. २००८ मध्ये एका अ‍ॅलोसॉरसच्या नडगीच्या हाडात तोच थर असल्याचं प्रसिद्ध झालं. वय होतं १० वर्षं. म्हणजे अंगाने पूर्ण भरायच्या आधीच ही मादी अंड्यांवर आलेली, जे आजच्या पक्ष्यांत सहसा होत नाही, ते आधी पूर्ण वाढतात आणि मग पिल्लांच्या मागे लागतात.

चावा कमजोर, मग शिकार कशी करायचा?

२००१ मध्ये एमिली रेफिल्ड आणि सहकाऱ्यांनी बिग अलची कवटी सीटी स्कॅन करून कॉम्प्युटरवर चढवली. पूल बांधताना इंजिनियर कुठल्या खांबावर किती ताण येईल ते ज्या पद्धतीने काढतात तीच पद्धत कवटीला लावली. उत्तर विचित्र आलं. जबड्याच्या स्नायूंचा जोर त्यांच्या हिशोबात सिंहापेक्षाही कमी, पण कवटी स्वतः मात्र सुमारे ५५ हजार न्यूटन, म्हणजे साडेपाच टनांच्या आसपास भार सोसेल इतकी मजबूत. जेवढा जोर लावताच येत नाही त्याच्या कितीतरी पट मजबुती कशाला?

त्यांनी मांडलं की हा प्राणी तोंड उघडून वरचा जबडा भक्ष्यावर हाणत असावा, ऊसतोडीवाला कोयता हाणतो तसा, आणि मांसाचे लचके काढत असावा. कल्पना झकास होती, टीव्हीवाल्यांना तर आवडलीच. पण लगेच आक्षेप आले. कवटी मजबूत असायला दुसरं साधं कारण असू शकतं, धडपडणारं मोठं जनावर तोंडात धरलं की ते कुठूनही कसाही हिसका देतं, त्यासाठी राखीव ताकद लागतेच. चाव्याच्या जोराचे नंतर वेगळ्या पद्धतीने काढलेले आकडे मोठेही आलेत, तरी हाडं फोडणाऱ्या टी. रेक्सच्या जवळपास ते जात नाहीत.

२०१३ मध्ये ओहायो विद्यापीठातल्या टीमने मानेचे स्नायू हिशोबात धरले. त्यांच्या मते अ‍ॅलोसॉरसचं डोकं तुलनेने हलकं आणि मानेचा एक महत्त्वाचा स्नायू कवटीला इतर मोठ्या शिकाऱ्यांपेक्षा खाली जोडलेला, त्यामुळे तो डोकं झटकन खाली मारून मग मान मागे-वर खेचत मांस तोडत असणार. आपल्याकडचा खरूची, म्हणजे तो शेतावर एका जागी फडफडत राहणारा छोटा ससाणा, उंदीर पायाखाली धरून जसा खातो तीच ही पद्धत. टी. रेक्स डोकं बाजूला झटकायचा, हा मागे ओढायचा. सध्या बहुतेक जण या बाजूला झुकलेले दिसतात.

स्टेगोसॉरसशी मारामारी खरंच व्हायची का?

व्हायची. पाठीवर पाट्या आणि शेपटीला काटे असलेला स्टेगोसॉरस याच थरांत सापडतो, पण एकाच थरात सापडले म्हणजे भांडलेच असं नसतं. इथे पुरावा दोन्हीकडून आहे. एका अ‍ॅलोसॉरसच्या शेपटीच्या मणक्याला आरपार भोक आहे आणि त्यात स्टेगोसॉरसच्या शेपटीचा काटा मापात बसतो. भोकाच्या कडेला हाड थोडं भरून आलेलं, म्हणजे मार खाऊन हा पठ्ठ्या वाचला. आणि एका स्टेगोसॉरसच्या मानेवरच्या पाटीचा इंग्रजी यू आकाराचा तुकडा उडालाय, जो अ‍ॅलोसॉरसच्या जबड्याच्या आकाराशी जुळतो.

टोळीने शिकार करायचे का?

इथे मी हात आखडता घेईन. हा समज आला युटामधल्या क्लीव्हलँड-लॉइड खाणीवरून. एकाच जागी १२ हजारांच्या वर हाडं आणि त्यात कमीत कमी ४६ अ‍ॅलोसॉरस! कुठल्याही जंगलात हरणं जास्त आणि वाघ थोडे असतात, इथे उलटं, जिकडे तिकडे शिकारीच. म्हणून काहींनी म्हटलं टोळी असणार, काहींनी म्हटलं चिखलाचा सापळा, एक शाकाहारी जनावर रुतलं, त्याला खायला शिकारी आले आणि तेही रुतले. २०१७ च्या एका अभ्यासाने तिसरंच सांगितलं, दुष्काळात आटत जाणारं डबकं, आजूबाजूला मेलेली जनावरं पुराने वाहून त्यात साचायची, आणि पाणी कुजून इतकं घाण व्हायचं की खायला कुणी फिरकायचंही नाही, म्हणून तिथल्या हाडांवर दातांच्या खुणा जवळजवळ नाहीत.

कोलोरॅडोच्या मिगॅट-मूर खाणीत नेमकं याच्या विरुद्ध. तिथे २०२० च्या अभ्यासात २९ टक्के हाडांवर मांसाहारी डायनासोरच्या दातांच्या खुणा निघाल्या, आणि त्यातल्या काही चक्क अ‍ॅलोसॉरसच्याच हाडांवर. म्हणजे दिवस वाईट आले की भाऊबंदसुद्धा चालायचा. टोळीत प्रेमाने राहणाऱ्या प्राण्याचं हे लक्षण वाटत नाही, पण नक्की काय ते सांगायला ४६ मेलेल्या प्राण्यांचा एकत्र ढीग पुरत नाही.

मत सारखं बदलतात, मग विश्वास कशाला ठेवायचा?

बदलतात हे खरंय, आणि अ‍ॅलोसॉरसच्या बाबतीत तर सुरुवातीपासून गोंधळ आहे. १८६९ मध्ये कोलोरॅडोत मिळालेलं याचं बहुधा पहिलं हाड स्थानिक लोक दगड झालेला घोड्याचा खूर समजत होते. १८७७ मध्ये येल विद्यापीठाच्या ओथनिएल मार्श यांनी अ‍ॅलोसॉरस हे नाव दिलं ते अगदी फुटक्या-तुटक्या तुकड्यांवरून, कारण एडवर्ड कोप या दुसऱ्या शास्त्रज्ञाशी त्यांची नवीन नावं देण्याची शर्यत चालू होती आणि घाईत दोघांनीही वाट्टेल तेवढ्या जाती बनवून ठेवल्या. मार्श यांनी १८८४ मध्ये, पुढच्या टोकाला दातच नसलेल्या एका वेड्यावाकड्या खालच्या जबड्यावरून लॅब्रोसॉरस फेरॉक्स अशी एक नवी जात जाहीर केली. पुढच्या लोकांनी बघितलं तर तो बहुधा जखम झालेला अ‍ॅलोसॉरसचाच जबडा. दुखापतीला जात समजून बसले! कोप यांची तर आणखी मजा, १८७९ मध्ये त्यांच्यासाठी खोदलेला एक उत्तम सांगाडा त्यांनी पेटाऱ्यातून बाहेरच काढला नाही. ते १८९७ मध्ये गेले, पेटारे १९०३ मध्ये उघडले, आणि १९०८ पासून तो न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत उभा आहे.

पण बदलतं काय ते बघा. नावं, सवयी, शिकारीची पद्धत यावर वाद चालतात. मणक्यातलं भोक, पायाच्या बोटाचा गोळा, हाडातल्या रेघा या जागच्या जागी आहेत, ज्याला शंका असेल त्याने म्युझियमला लिहून परवानगी काढावी आणि परत मोजाव्यात. जबड्याची चूक सापडली तीसुद्धा जबडा जपून ठेवला होता म्हणूनच.

आपल्याकडे सापडेल का?

सह्याद्रीत शोधू नका. तिथला काळा दगड म्हणजे साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा, अ‍ॅलोसॉरस त्याच्या आठ कोटी वर्षं आधीच संपला. ज्युरासिक हवा तर गडचिरोलीला जा. सिरोंचा तालुक्यातल्या कोटा गावावरून कोटा फॉर्मेशन हे नाव पडलंय आणि ते थर अ‍ॅलोसॉरसपेक्षाही जुने आहेत. त्याच थरांतून, गोदावरीच्या तेलंगणाकडच्या बाजूला, बारापासॉरस हा लांब मानेचा अजस्र शाकाहारी निघाला, त्याचा सांगाडा कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आहे. अ‍ॅलोसॉरस स्वतः मात्र इथे सापडलेला नाही. त्याच्या काळात भारत दक्षिणेकडे मादागास्कर, अंटार्क्टिका यांना चिकटलेला होता, इथले शिकारी वेगळे असणार.

मग कुणी २६० कोटी दिले तर आपलं काय गेलं?

अमेरिकेत खाजगी जमिनीत निघालेला जीवाश्म जमीनमालकाचा, सरकारी जमिनीतला जनतेचा. बिग अल हद्दीच्या कुठल्या बाजूला पडला यावर त्याचं भवितव्य ठरलं असं म्हणायला हरकत नाही. तो म्युझियममध्ये गेला म्हणून त्याच्या पायाचा अभ्यास झाला, कवटीचं स्कॅन झालं, वजनाचा अंदाज काढला गेला, आणि दर वेळी वेगळ्या माणसांनी तीच हाडं परत तपासली. व्यावसायिक लोक सगळे वाईट असंही नाही. त्याच सिबर यांच्या टीमला १९९६ मध्ये तिथून जवळच दुसरा अ‍ॅलोसॉरस मिळाला, बिग अल टू, आणि तो स्वित्झर्लंडमध्ये आटालच्या म्युझियममध्ये लोकांना बघता येतो. २०२० मध्ये अ‍ॅलोसॉरसची जी नवी जात जाहीर झाली, अ‍ॅलोसॉरस जिममॅडसेनी, तिच्यात आता हे दोघेही धरले जातात.

दिवाणखान्यात गेलेल्या सांगाड्याचं असं होत नाही. मालक आज बघू देईल, उद्या विकेल, परवा त्याचा मुलगा दार लावून घेईल. म्हणून डायनासोरवाल्या शास्त्रज्ञांची जी मोठी संघटना आहे, सोसायटी ऑफ व्हर्टिब्रेट पॅलिऑन्टॉलॉजी, तिचं म्हणणं असतं की अभ्यासाचा नमुना सार्वजनिक संस्थेतच हवा, आणि खाजगी मालकीच्या हाडांवर लिहिलेला पेपर बरीच जर्नल्स घेत नाहीत. त्यात आता किमती अशा झाल्यात की म्युझियमांनी बोली लावायचा विचारसुद्धा करू नये, २०२४ मध्ये एपेक्स नावाचा स्टेगोसॉरस ४ कोटी ४६ लाख डॉलरला गेला, तो घेतला हेज फंडवाले केन ग्रिफिन यांनी, आणि त्यांनी तो न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीला सध्या उसना दिलाय.